वातावरणीय बदल : माहिती निरंक

वर्षाच्या शेवटच्या दिवशी जगात दोन मोठे हिशेब पुरे व्हायचे असतात. एक वाशिमचा, दुसरा पॅरिसचा. वाशिम ज्यात येतं त्या अमरावती विभागात खरिपाची अंतिम पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी हिशेब, 31 डिसेंबरला जाहीर होते. आणि पॅरिस कराराच्या तेराव्या कलमाखालचा पहिला द्वैवार्षिक पारदर्शकता अहवाल देण्याची मुदत होती 31 डिसेंबर 2024. म्हणजे हवामानाचा हिशेब कोणत्या दिवशी मिटवायचा, याबाबत आमची महसूल कचेरी आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचं एकमत आहे. बाकी कशावर असेल असं वाटत नाही.

भारतानं 30 डिसेंबरला अहवाल धाडला. पण नव्या नमुन्यातला नव्हे, जुन्या 'अद्ययावत अहवाला'च्या मालिकेतला चौथा. हा जुना नमुना 31 तारखेनंतर चालणार नव्हता. नमुना बंद पडायच्या आदल्या दिवशी त्याच नमुन्यात माहिती दाखल करून मोकळं व्हायचं, हे ज्याला सुचलं त्याची बदली कोणत्याही तहसिलीत करा, माणूस तिथं सुखानं निवृत्त होईल.

अहवाल 2024 चा, आकडे 2020 चे. त्या वर्षी देशाचं एकूण उत्सर्जन, जंगलांनी शोषलेला भाग न वजावता, 295 कोटी 90 लाख टन भरलं. आदल्या वर्षापेक्षा 7.93 टक्क्यांनी कमी. आता 2020 साली आपण सगळे कुठं होतो ते आठवा. घरात होतो. गाड्या उभ्या, कारखाने बंद, लग्नं पन्नास माणसांत. राष्ट्रीय हवामान कृती आराखडा 2008 साली आला, त्यात आठ अभियानं होती, त्यांच्या किती बैठका झाल्या असतील याची मोजदाद नाही. आणि एवढी ठसठशीत घट झाली ती कोणीच काही न केल्यामुळे. कृती न करण्यात आपला हात कोणी धरणार नाही हे ठाऊक होतंच, आता ते दशांश चिन्हासह नोंदलं गेलं.

चार वर्षांचा हा सावकाशपणा आमच्या जिल्ह्यातल्या रिसोडच्या सोयाबीनवाल्याला कळला तर त्याला हेवा वाटेल. पीकविम्याच्या नियमात त्याच्या वावरात पाणी शिरलं की 72 तासांत मोबाइलवरून कळवा, असं कलम होतं. वीज गेलेली, नेटवर्क गेलेलं, बांध फुटलेला, आणि हा माणूस लिंबाखाली उभा राहून कंपनीच्या ॲपमध्ये वातावरणीय बदल भरतोय. देशाला चार वर्षं, शेतकऱ्याला तीन दिवस. दोघांतला कोण जास्त पारदर्शक, ते पॅरिसवाल्यांनी ठरवावं.

तर सध्या वरून असं ठरलंय की हवामान कृतीचा माग ठेवणं आणि अहवाल देणं हे सरकारी यंत्रणेच्या अंगवळणी पडलं पाहिजे. सल्लागार येऊन आकडे गोळा करून जातात, ते बरं नव्हे. खात्यांनी स्वतःच मोजावं, स्वतःच नोंदवावं. हेतू उत्तम आहे. फक्त हे सांगणाऱ्यांना आमच्या यंत्रणेच्या अंगाची कल्पना नसावी. तिच्या अंगी काहीही मुरतं.

समजा, असं पत्र निघालं. दिल्लीहून मंत्रालयात, मंत्रालयातून विभागीय आयुक्तांकडे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून सहा तालुक्यांना. प्रत्येक टप्प्यावर त्याला एक संदर्भ क्रमांक चिकटेल आणि मुदतीतला एकेक आठवडा गळेल. मालेगाव किंवा मानोऱ्याच्या टेबलावर ते पोचेल तेव्हा वर लाल शाईत 'तात्काळ' असेल, आणि खाली 'माहिती आज दुपारी तीनपर्यंत ई-मेलने सादर करावी, निरंक असल्यास तसे कळवावे'. पत्र येण्याआधीच त्याचा फोटो व्हॉट्सॲप गटावर आलेला असेल, त्याखाली अठरा अंगठे. मग नोडल अधिकारी नेमला जाईल. नोडल अधिकारी म्हणजे ज्याच्याकडे निवडणूक, जनगणना, पाणीटंचाई आणि क्रीडा महोत्सव आधीच आहेत तो. तो गावपातळीवर विचारणा करेल. गावातले तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झालेत, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झालेत, कृषी सहायकही सहायक कृषी अधिकारी झालेत. हवामान बदलण्याच्या आत आपण पदनामं बदलून घेतली. राज्याचं पर्यावरण खातंसुद्धा 2020 पासून 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' आहे. पाटी रंगवणं ही हवामान कृती धरली तर आपण जगाच्या पुढं आहोत.

आणि गावातून उत्तर काय जाईल? 'निरंक.' पाऊस दीड महिना लांबला, मग एका रात्रीत पडून गेला, शेंगांना कोंब आले. पण रकान्यात 'हरितगृह वायू (टन)' असं विचारलंय. तसं काही गावात आढळून आलं नाही.

आता गंमत बघा. ज्या मालाची माहिती निरंक जाते तोच माल देशाच्या अहवालात मोजलेला असतो. उत्सर्जनातला 13.72 टक्के वाटा शेतीचा आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा गाई-म्हशींच्या ढेकरांचा. रवंथ करताना मिथेन बाहेर पडतो. दिल्लीतले शास्त्रज्ञ काही कारंज्याच्या गोठ्यात नळी घेऊन बसत नाहीत. पशुगणनेतून डोकी घ्यायची, जात, वय, दुभती-भाकड बघून दर डोई ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, झाला राष्ट्रीय ढेकर. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, जगभर अशीच चालते. विसावी पशुगणना 2019 ची, एकविसावी ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. तेव्हा दारात आलेल्या पशुधन पर्यवेक्षकाला चहा पाजताना आपण पॅरिस करार राबवतोय याची कल्पना ना त्याला होती, ना म्हशीला.

हे कळलं तर आमच्याकडचा म्हातारा काय म्हणेल ते मी आत्ताच सांगतो. "साहेब, म्हैस ढेकर देते तं त्याची नोंद पार परदेशात जाते, अन् आमचं सोयाबीन बुडालं तं मंडळातच अडकते. काऊन?"

या 'काऊन'ला उत्तर आहे. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं. त्यात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, 64 पडला तर नुसताच पाऊस. तुमच्या शिवारात नदी वाहिली असेल, पण मापक ज्या गावात आहे तिथं ऊन होतं तर तुम्ही भिजलाच नाहीत. मग पंचनामा, मग नुकसान 33 टक्क्यांवर आहे की नाही याची घासाघीस. आणि पैसेवारी. तिची 30 सप्टेंबरला नजर, 31 ऑक्टोबरला सुधारित, 31 डिसेंबरला अंतिम अशी तीन दर्शनं होतात. 50 पैशांच्या आत आली तर गाव संकटात, वर गेली तर गाव मजेत. एक्कावन्न पैशांचं गाव पाहिलंय मी. मजेत नव्हतं.

ही सगळी यंत्रणा इंग्रजांच्या आणेवारीपासून चालत आलेली. चुकते, अडते, पक्षपात करते, पण तिच्याशी लोक भांडतात. पैसेवारी जास्त लागली की निवेदनं पडतात, जिल्हाधिकारी कचेरीसमोर मंडप पडतो, आमदार आकडे पाठ करून बोलतात. कोणत्या गटात पीक कापणी प्रयोग झाला, कोणत्या बांधावरचं पीक उचललं, हे अख्ख्या गावाला तोंडपाठ असतं. कारण आकड्याच्या टोकाला पैसे आहेत. हवामानाचा खराखुरा माग ठेवणारी संस्था जिल्ह्यात असेल तर ती हीच, शिव्या खाणारी. 295 कोटी 90 लाख टनांवर मात्र वाशिममध्ये कोणी हरकत घेतली नाही. एकही निवेदन नाही. ज्या अहवालाशी कोणी भांडत नाही तो नेहमी बरोबरच येतो.

उदाहरण हवं तर झाडांचं घ्या. 1 जुलै ही तारीख आमच्यावर विशेष मेहरबान आहे. याच दिवशी 1998 साली अकोल्यातून फुटून वाशिम जिल्हा झाला, याच दिवशी वसंतराव नाईकांची जयंती म्हणून कृषी दिन, आणि 2016 साली याच दिवशी राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायची टूम निघाली. पुढं 4 कोटी, 13 कोटी, 33 कोटी असा चढता भाजणीचा उपक्रम झाला. खड्डा, रोप, साहेब, अक्षांश-रेखांशासह फोटो. या कोटींचं पुढं काय झालं हे बघायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली. आणि एवढं करून राष्ट्रीय अहवालात वृक्षाच्छादन येतं ते डेहराडूनच्या वन सर्वेक्षण संस्थेकडून, उपग्रहाच्या चित्रांवरून. उपग्रहाला साहेब दिसत नाहीत, झाड असेल तर झाड दिसतं. फोटोंचा तो ढीग कोणत्या टनात धरायचा, हे पॅरिसला अजून सुचलेलं नाही.

मोजमापाची आम्हाला सवय नाही असं मात्र कोणी म्हणू नये. 2018 पासून वाशिम 'आकांक्षित जिल्हा' आहे. एकूण 49 निर्देशांक, दर महिन्याला क्रमवारी. राज्यात आमच्यासोबत नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद. एवढ्या आकांक्षा एकाच जिल्ह्यात क्वचित सापडतील. शिवाय राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान आहे, तिथं भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांना गुण मिळतात आणि हरित शपथही घेता येते. वाशिम हे वत्सगुल्म होतं तेव्हा इथून वाकाटकांनी राज्य केलं, त्यांना आकाशाला किती गुण द्यावेत हा प्रश्न पडला नव्हता. म्हणून अजिंठ्याच्या लेण्यांना वेळ मिळाला असावा.

एक गोष्ट मात्र चेष्टेत ढकलवत नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 साली सुरू झालेल्या 'पोकरा'त, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम आलं. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी त्याची रीत बसवून दिली : शिवारात पाऊस किती पडला, वाहून किती गेला, जमिनीत किती मुरला, पिकाला किती लागतो. पाणी कोणाच्या वावरात अडणार आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न त्या कागदावरून सुटत नाही, सुरू होतो. असा कागद निरंक जाऊ शकत नाही. पण ताळेबंद गावात उरला आणि डॅशबोर्डावर गेली ती पूर्ण कामांची संख्या.

म्हणून माझी एक नम्र सूचना. देशाचा पुढचा हवामान अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाच्या बॉनच्या कचेरीत न्यायच्या आधी मराठीत छापून चावडीवर लावावा, पैसेवारीसारखा, आणि हरकती मागवाव्यात. रिसोडहून येईल : आमची म्हैस गणनेनंतर आठव्या दिवशी मेली, तिचे ढेकर वजा करावेत. मानोऱ्याहून : रस्त्याकडेचं जे झाड कार्बन शोषताना दाखवलंय ते रस्ता रुंदीकरणात गेलं, त्याच रस्त्याची प्रगती दुसऱ्या अहवालात आहे, तेव्हा दोन्ही अहवालांची आपसात भेट घालून द्यावी. मालेगावहून : सौर पंप आकड्यात चालतो, विहिरीवर चालत नाही, सबब आकड्यातून पाणी सोडावं. आणि मंगरूळपीर तालुक्यातल्या एखाद्या गावाकडून, ठरावाच्या प्रतीसह : 2020 मध्ये आम्ही वेशीवर बांबू आडवे लावून गाव बंद ठेवलं होतं, त्या वर्षी घटलेल्या 7.93 टक्क्यांतला आमचा हिस्सा ग्रामनिधीत जमा करावा.

यातल्या शेवटच्या हरकतीवर सुनावणी लागेल. तारखेला अर्जदार हजर, नोडल अधिकारी गैरहजर, कारण त्याच दिवशी वातावरणीय बदलाची आढावा बैठक. पुढची तारीख 31 डिसेंबर.