किती न्यूटन मीटर?

प्रत्येक सोसायटीत एक असतोच. आमच्याकडच्याला आम्ही टॉर्कराव म्हणतो. चाकण एमआयडीसीत गाड्यांच्या लाइनवर दोन तपं काढल्यामुळे ‘घट्ट’ हा शब्द त्यांना मंजूर नाही. गॅसचा रेग्युलेटर असो की लोणच्याची बरणी, त्यांचा सवाल एकच : “घट्ट म्हणजे किती? किती न्यूटन मीटर?” मुलीच्या साखरपुड्यात व्याही म्हणाले, “चला, नातं घट्ट झालं.” टॉर्करावांनी तोंड उघडलं. काकूंनी वेळीच त्यात पेढा कोंबला.

रविवारी त्यांच्या गाडीचे ब्रेक कुईकुई करू लागले. “पत्री बोलतेय,” ते म्हणाले. पॅड झिजला की डिस्कला घासून ओरडावं, म्हणून त्याला मुद्दाम एक पत्री लावलेली असते. चाकणात ती लवकर कंठ फोडते. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी इथल्याच संग्रामदुर्गावर शाहिस्तेखानाची फौज जवळजवळ दोन महिने अडवली, तेव्हा केवढी लढाई झाली! आता तळेगाव चौक रोज संध्याकाळी त्याहून मोठी फौज अडवतो, तीही फुकटात. जगभरच्या कंपन्या इथे गाड्या बनवतात आणि इथल्या गाड्या ब्रेकवर पाय ठेवून घरी जातात.

गॅरेजवाला पान्यावर उभा राहून नट आवळतो, म्हणून गॅरेज बाद. पार्किंगमध्ये सतरंजी पसरली गेली. मागच्या चाकांना दगड लागले, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल झाले. मग जॅक, मग स्टँड. “जॅक उचलायला, स्टँड पेलायला!” हे तत्त्वज्ञान वॉचमनलाही ऐकावं लागलं. कॅलिपर खालचा बोल्ट काढून वर उचलला आणि तारेने बांधला. सी-क्लॅम्पने पिस्टन आत ढकलताना मला ब्रेक ऑइलच्या डबीवर पहाऱ्याला बसवलं. पिस्टन मागे सरकला की ऑइल वर चढतं. जुना पॅड माझ्या हातावर ठेवला. लायनिंग ३ मिलिमीटरही उरलं नव्हतं.

“गॅरेजात किती घेतात हो?” येणारा-जाणारा विचारत होता. टॉर्कराव उत्तर देत नव्हते. टॉर्क रेंचने ठरल्या घट्टपणाला ‘टक्’ केलं की मान डोलवायची आणि समोरासमोरच्या नटाकडे वळायचं.

डावं चाक झपाट्याने झालं. उजव्यापाशी मात्र ते रेंगाळले. प्रत्येक पिन पुसली, ग्रीस लावलं, पुन्हा पुसली. मी वैतागून म्हणालो, “लाइनवर एवढा वेळ मिळायचा का?”

“लाइनवर मी डाव्या बाजूला. उजवं चाक समोरच्याचं.”

“दोन तपं?”

“गाडी यायची, नट लागायचे, गाडी जायची. रस्त्यावर दिसली तरी आपण म्हणायचं काय? ह्यातलं एक चाक माझं?”

पुढे ते बोलले नाहीत, मीही नाही. उजवं चाक त्यांनी सावकाश पुरं केलं. मग आत बसून ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबलं. पिस्टन मागे गेल्यावर हे न करता गाडी हलवली, तर पहिला ब्रेक लागतच नाही.

तुमच्या पार्किंगमध्येही असा कोणी गाडीखाली वाकलेला दिसेल. त्याला गॅरेजचा भाव सांगू नका. पैसे वाचवण्यासाठी तो तिथे बसलेला नाही.