हिरव्या रंगाचे बत्तीस लाख

श्री. टूलकर्ते यांस,


जळगावातल्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा दिवसभराचा हिशेब आम्ही तुमच्या कमांड-लाइन टूलमधून काढतो. रात्री ११ वाजता माझी स्क्रिप्ट तो उचलते आणि धुळ्याच्या दिवाणजींच्या शीटमध्ये टाकते. टूल दिसायला देखणं आहे. चौकटी, हिरवे-लाल रंग, ओळीओळीला बरोबरची खूण, शेवटी उडणारं रॉकेट. लग्नपत्रिका छापायची असती तर मी तुमचंच नाव सुचवलं असतं. पण रात्री ११ वाजता ही आरास बघायला कोणी नसतं. एकटी स्क्रिप्ट असते, आणि तिला डोळे नाहीत.

नव्या आवृत्तीत तुम्ही कृपाळू होऊन रकमांना स्वल्पविराम दिलेत. सावद्याच्या शेतकऱ्याचे १,२४,५०० रुपये. वाचायला सोपं, कबूल. माझ्या स्क्रिप्टमधल्या ऑकनं मात्र पहिल्या स्वल्पविरामापाशीच आकडा संपला असं धरलं आणि शीटमध्ये १ रुपया मांडला. पिंपळगाव हरेश्वरवाल्याच्या नशिबी तेवढाही नव्हता. गावाच्या नावात मोकळी जागा, म्हणून रकाने एक घर सरकले, रकमेच्या जागी 'हरेश्वर' येऊन बसला आणि त्याची किंमत शून्य भरली.

मग मी शहाणपणा केला. रकाने उजवीकडून मोजले आणि प्रत्येकातले अंक तेवढे ठेवून बाकी सगळं गाळून टाकलं. पण कालच्यापेक्षा दर वाढला की तुम्ही तो हिरवा करता! हिरवा म्हणजे एक न दिसणारं एस्केप अक्षर, मग चौकटी कंस, ३२ आणि एम. रंग उतरवायला तसाच आणखी एक संकेत, त्यात ०. अंक तेवढे ठेवल्यावर क्विंटलचा १५०० चा दर झाला ३२१५०००. सकाळी दिवाणजींचा फोन: "भाऊ, हाई काय शे?" काय सांगणार, हिरवा रंग शे?

डग मॅकिलरॉय यांनी १९६४ साली बेल लॅब्जमध्ये एक टिपण लिहिलं. बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा लागेल तसा पुढचा तुकडा जोडतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असं त्यांचं म्हणणं. १९७३ साली केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये तशी जोडणी करणारा पाइप आणला. जळगावात हे कोणाला शिकवावं लागत नाही, हे ठिबकचं गाव आहे. नळीत कचरा गेला की ड्रिपर चोंदतात, म्हणून विहिरीपाशीच फिल्टर बसवतात. तुम्ही विहिरीतच झेंडूची फुलं सोडलीत.

बरं, तुम्हाला फार काही करायचं नव्हतं. समोर टर्मिनल आहे की पाइप, हे प्रोग्रॅमला एका ओळीत विचारता येतं. साधं एलएस बघा: पडद्यावर नावं रकान्यांत मांडतं, पाइपमध्ये दर ओळीला एक. रंग नको असेल तर 'नो कलर' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मानण्याचा संकेत २०१७ पासून आहे. जेसनचा एखादा पर्याय दिला असतात तर गावाच्या नावात चार मोकळ्या जागा असत्या तरी चाललं असतं. गिटवाल्यांनी तर स्टेटस कमांडच्या स्क्रिप्टसाठीच्या रूपाला 'पोर्सिलेन' असं चिनीमातीचं नाव दिलंय, आणि आवृत्ती बदलली तरी ते बदलणार नाही असा शब्द दिलाय. चिनीमाती टिकते. तुमचं पोलादी टूल दर अपडेटला तडकतं.

चुकीबद्दल तर बोलायलाच नको. सर्व्हर सापडला नाही की तुमचं टूल 'अरेरे!' छापतं आणि जाताना एक्झिट कोड शून्य देतं, म्हणजे सर्व कुशल. तो उद्गारही एररच्या वाटेनं न जाता स्टँडर्ड आउटपुटवरच. तो नेमका शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात बसला. गेल्या आठवड्यापासून आमच्या खातेवहीत एक श्री. अरेरे आहेत, देणं निरंक. दिवाणजी त्यांचं गाव विचारताहेत.

हिवाळ्यात जळगावला या. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालतो. हॉटेलवाल्यानं बिल १,२४० रुपये सांगितलं, तर मी ते ऑकमधून काढून माझा १ रुपया देईन. बाकीचं तुम्ही बघा.

आपला,
रात्री ११ वाजताचा वाचक