पायलीचे किलो करा घरच्या घरी

लेक पुण्यात नोकरीला लागते, स्वयंपाकघरासाठी डिजिटल काटा घेते आणि संध्याकाळी आमगावला फोन करते : "आई, चौघांना किती ग्रॅम तांदूळ लावू?" हा फोन आज ना उद्या तुमच्याही घरी येणार. घाबरू नका. खालच्या पायऱ्या नीट पाळल्या, तर रात्रीच्या जेवणापर्यंत उत्तर नक्की सापडणार नाही.

१. काटा विकत घेऊ नका. दोन मिनिटांत उत्तर मिळालं तर उरलेली दुपार घालवायची कशी?

२. माप शोधा. ते तांदळाच्या पिंपात तळाशी गेलेलं असतं. पायली म्हणजे चार शेर, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शेर म्हणजे किती, हे विचारू नका. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा. मापाचा शेर वेगळा, आणि तो गावागणिक वेगळा. १९५६ साली कायदा झाला, किलो आला. पिंपातल्या मापाला तेवढं कोणी कळवलं नाही. पायली नसेल तर दांडी तुटलेला स्टीलचा मग घ्या. अर्ध्या घरांत तोच चालतो. मात्र तो मग हरवला तर चार दिवस भात बिघडणार, याची मनाची तयारी ठेवा.

३. माप भरा. खरी विद्या इथे आहे. उसने देताना मापावरून तळहात फिरवायचा, परत घेताना शीग लावायची. लिटरभराच्या मापावर चांगली शीग बसली की शंभरेक ग्रॅम सहज जास्त जातात. वर माप जमिनीवर दोनदा आपटलं, तर दाणे खाली बसून आणखी मूठभर मावतात. दुकानदाराने केलं तर आपण याला मापात पाप म्हणतो. घरी याला हाताचा अंदाज म्हणावं.

४. तांदूळ कोणता, ते विचारा. एचएमटी असेल तर चांगलंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून काढलेलं हे वाण. नाव मिळालं मनगटी घड्याळाचं. ते वेळ सांगत नाही, तसं वजनही सांगत नाही. ढोबळ हिशेब असा : लिटरभर तांदूळ म्हणजे साधारण ८०० ग्रॅम. हा आकडा भिंतीवर लिहा आणि विसरा, कारण जाडा, बारीक, उकडा, जुना, नवा, प्रत्येकाचं थोडं इकडेतिकडे होतंच.

चुकून धानच मोजलं असेल तर माझी सहानुभूती आहे. टरफलामुळे ते हलकं भरतं. शिवाय सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे एका बेरजेच्या जागी तुमच्या वाट्याला आता त्रैराशिक आलं.

५. पाककृतीत 'एक कप' लिहिलेलं दिसलं की पुस्तक मिटा. राइस कुकरसोबत येतो तो कप १८० मिलीलिटरचा, त्यात दीडशे ग्रॅम तांदूळ. अमेरिकेचा कप २४० चा, त्यात दोनशेच्या आसपास. पाहुण्यांसमोर काढायचा चहाचा कप याहून लहान, आणि त्याचा कान तुटला तर सासूबाई बोलतील ते वेगळंच.

६. पाणी बोटाच्या पेराने मोजा. पेर कोणाचं, हे विचारणाऱ्याला स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

७. आता फोन लावा आणि ठाम आवाजात सांगा : "माणशी दोन मुठी घे, अन् एक मूठ आल्यागेल्याची."

आमच्याकडे हा सल्ला दिला, आणि दिवाळीला लेक काटा पिशवीत घालूनच आली. गंज बाजूला सारून तिने आईची मूठ काट्यावर रिकामी केली : ४८ ग्रॅम. मग स्वतःची : ३५. आई म्हणाली, "तुझा काटा बिघडलाय."

तुमच्याही घरी असं होऊ नये, तर लेकीला पाच किलोची बंद पिशवी पाठवा. तिच्यावर वजन छापलेलं असतं.