खडेवाले नाना

नाना भेटले की आधी तब्येतीची चौकशी करतात. तुम्ही "मजेत" म्हणालात की हिरमुसतात. पण "पाठीत जरा भरलंय" एवढं तुमच्या तोंडून निसटलं की संपलं. "उजवीकडे की डावीकडे? कळ जांघेत उतरते का?" असं विचारत ते सदऱ्याच्या खिशातून चांदीचा छोटा करंडा काढतात. करंडा मूळचा काकूंचा. आठ वर्षांपूर्वी त्यातलं कुंकू बेघर झालं आणि कापसाच्या गादीवर नानांचा मुतखडा राहायला आला. साडेचार मिलिमीटर. दिसायला तांदळातल्या खड्यासारखा, पण तसं म्हणायची सोय नाही.

नानांची उभी हयात कंडक्टरकीत गेली. त्यामुळे खड्याचा प्रवासही ते रूट सांगावा तसा सांगतात. "मूत्रपिंड ते मूत्राशय. नळी २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून जरा जास्त. पण थांबे तीन! नळी सुरू होते तिथं पहिला, मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथं दुसरा, मूत्राशयात शिरते तिथं तिसरा. तिन्ही ठिकाणी गाडी अडली आणि तिन्ही वेळा मी फरशीवर गडाबडा लोळलो. बाळंतपणाच्या कळा काहीच नाहीत हो यापुढं!"

यावर आतून काकूंचा आवाज येतो, "मी तीन बाळंतपणं काढली. करंड्यात काही ठेवलं नाही."

पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपापले बाहेर पडतात, असं डॉक्टर सांगतात. नानांना हे साफ नामंजूर. फुकट प्रवास त्यांनी नोकरीतही कधी चालवून घेतला नाही. त्यामुळे खडा पडल्याचं श्रेय त्यांनी पानफुटीची पानं, कुळथाचं कढण, केळीच्या खोडाचा रस आणि शहाळी यांत रीतसर वाटून दिलंय. एका मित्रानं बिअरही सुचवली होती. तो प्रस्ताव काकूंच्या पातळीवर फेटाळला गेला.

नानांचं खरं रूप पाहायचं तर लग्नाच्या पंगतीत पाहावं. शेजारच्या ताटात टोमॅटोची कोशिंबीर पडली की हे दचकतात. "अहो, बिया! एक बी अडकली की तिच्यावर खडा चढलाच म्हणून समजा." पेरू, वांगी, टोमॅटो, सगळं बीवाचक त्यांच्या काळ्या यादीत. दुधाचा तर दोन हात दुरूनच नमस्कार. "दूध म्हणजे कॅल्शियम, कॅल्शियम म्हणजे चुना. बोअरच्या पाण्यानं नळाची तोटी चोंदते, तेच इथं होतं."

एकदा मी धीर करून म्हटलं, "नाना, बी पोटात जाते. मूत्रपिंडाकडे तिला रस्ताच नाही. आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात. जेवणासोबत दूध-दही घेतलं तर ते ऑक्सलेटला आतड्यातच धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. २००२ साली इटलीतल्या डॉक्टरांचा १२० रुग्णांवरचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅल्शियम तोडलेल्यांपेक्षा, नेहमीचं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांस कमी केलेल्यांना पुन्हा खडा होण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं."

"ते इटलीत," नाना म्हणाले. "हे सोलापूर आहे."

सोलापूर होतंच. त्यांच्या ताटात शेंगाचटणीचा डोंगर होता, कडेला लोणचं, वर दोन पापड आणि वाटीत अळूचं फदफदं. अळूनं घशाला खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्सलेटच्याच सुयांनी. शेंगदाण्यातही ऑक्सलेट असतं. मीठ जास्त झालं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं. पण या मंडळींना बिया नव्हत्या, त्यामुळे नानांनी कुणाचंच तिकीट तपासलं नाही.

आणि पाणी? पाणी नाना गोळी गिळण्यापुरतं पितात. "गाडीवर असताना प्यायलो तर मध्येच उतरायचं कुठं?" ही सवय निवृत्त झाली नाही. बाहेर ऊन ४२ अंशांचं, आणि नाना दिवसभर दोन कप चहावर.

डॉक्टरांनी आठ वर्षांपूर्वीच खडा तपासणीला मागितला होता. प्रयोगशाळेत तो कुटून भुकटी करतात हे कळल्यावर नानांनी करंडा छातीशी धरला. म्हणजे खडा कशाचा हे ठाऊक नसताना हा माणूस आठ वर्षं गावभर पथ्यं वाटत होता!

गेल्या मे महिन्यात दुसरी गाडी लागली. नाना फरशीवर लोळत असताना काकूंनी शांतपणे करंडा उचलला आणि पहिला खडा तपासणीला देऊन टाकला. वर म्हणाल्या, "मला माझा करंडा हवा होता." अहवाल आला: कॅल्शियम ऑक्सलेट. टोमॅटो निर्दोष सुटला.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर चारच ओळी लिहिल्या. लघवी दिवसाला अडीच लिटर होईल एवढं पाणी. दिवसभरात मीठ चमचाभराहून कमी. दही जेवणासोबत. लिंबू रोज, त्यातलं सायट्रेट खडा जमू देत नाही. झाडपाला नाही, जडीबुटी नाही. नानांचा चेहरा पडला. पाण्याचं काय व्याख्यान द्यायचं?

पण नाना ते नाना. आठवड्याभरात ते खुणा केलेली बाटली घेऊन सोसायटीच्या फाटकाशी उभे राहू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून एकच प्रश्न: "सकाळी रंग कसा होता? पांढरट की पिवळा?" प्राध्यापकीणबाई असोत की पेपरवाला पोऱ्या, सूट कुणालाच नाही.

आता आम्ही सगळे बाटली हाताशी ठेवूनच घराबाहेर पडतो. नाना लांबून दिसले की ती तोंडाला लावायची आणि ते मागं पडेपर्यंत घटाघटा पीत राहायचं. तोंडात पाणी असलं की उत्तर द्यावं लागत नाही.