हलते देखावे, मुक्काम लास वेगास

दर जानेवारीत अमेरिकेतल्या लास वेगास शहरात सीईएस नावाचं ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सचं अवाढव्य प्रदर्शन भरतं. त्याचा पहिला नियम असा की ग्राहकाला आत प्रवेश नाही. वय अठरा पूर्ण हवं, आणि या धंद्याशी आपला काहीतरी संबंध आहे हे आयोजकांना पटवून द्यावं लागतं. म्हणजे ज्याला स्वतःच्या रक्तगटापेक्षा फोनचा प्रोसेसर जास्त पक्का पाठ आहे, पण ज्याच्याकडे विकायला काही नाही, तो नुसता हौशी माणूस नियमाप्रमाणे बाहेरचा ठरतो. हौस मात्र नियमाला बधत नाही. मेहुण्याच्या दुकानाचा ‘तंत्रज्ञान सल्लागार’ व्हायला एक व्हिजिटिंग कार्ड पुरतं, आणि गळ्यात बिल्ला अडकला की आतल्या गर्दीत सल्लागार कोण आणि बघ्या कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बर्लिनमध्ये 1924 पासून इफा नावाचं असंच प्रदर्शन भरतं. तिथे साधं तिकीट काढून कुणीही आत शिरतो. लास वेगासला ग्राहक सोडून बाकी सगळे येतात. 1967 साली न्यूयॉर्कमध्ये हे प्रदर्शन पहिल्यांदा भरलं तेव्हा साडेसतरा हजार माणसं आली होती. 2025 मध्ये हा आकडा 1 लाख 42 हजारांच्या पुढे गेला. ग्राहकाला वगळून भरवलेल्या ग्राहक-प्रदर्शनात एवढी माणसं नेमकं काय बघत असतील?

उत्तर मराठी माणसाला सोपं जावं, कारण त्यासाठी आपल्याकडे एक नेमका शब्द आहे: देखावा. गणपतीत रात्री अकरा वाजता पेठेतल्या रांगेत उभा असलेला माणूस तिथे काही विकत घ्यायला गेलेला नसतो. दिवे मंद होतात, निवेदकाचा घोगरा आवाज घुमतो, अफझलखानाचा हात करकरत वर जातो, महाराजांचा हात त्याहून करकरत पुढे येतो, धूर सुटतो, आणि ‘भाविकांनी पुढे सरकत राहावे’ अशी सूचना होते. हा मावळा घरी नेला तर दळण आणील का, असं कुणी कार्यकर्त्याला विचारत नाही. लास वेगासच्या दालनांत अगदी हेच चालतं. दिवे, धूर, निवेदक, हलणारा हात. फरक इतकाच की तिथला बघ्या बाहेर पडताना विचारतो, “कधी येणार बाजारात?” सगळा घोटाळा या एका प्रश्नात आहे. दाखवण्यासाठी केलेली वस्तू आणि वापरण्यासाठी केलेली वस्तू या दोन निराळ्या जाती आहेत. जी वस्तू मांडवात जितकी छान हलते, तितकी ती घरी पोचण्याची शक्यता कमी, असा माझा दावा आहे, आणि तो पुराव्यानिशी तपासता येतो.

कपड्यांच्या घड्यांपासूनच सुरुवात करू. माणसाला यंत्राकडून काय हवं आहे, याचं या प्रदर्शनाने दिलेलं सर्वांत आवडतं उत्तर म्हणजे घडी. जपानच्या सेव्हन ड्रीमर्स कंपनीने लॉन्ड्रॉइड नावाचं कपाटाएवढं यंत्र आणलं होतं. खालच्या खणात धुतलेल्या कपड्यांचा बोळा टाकायचा. आतले यांत्रिक हात कापड उचलून, कॅमेऱ्याने निरखून, हा शर्ट की हा टॉवेल याचा विचार करणार. विचार हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण एका टी-शर्टच्या घडीला पाच ते दहा मिनिटं लागत. एवढ्या वेळात नाक्यावरचा इस्त्रीवाला अख्खं गाठोडं संपवून, शेजारच्या दोन घरांतली भांडणं ऐकून, हिशेबात एक शर्ट कमीही दाखवतो. किंमत सुमारे सोळा हजार डॉलर सांगितली जात होती. 2019 च्या एप्रिलमध्ये कंपनीचंच दिवाळं निघालं. त्याच काळात फोल्डीमेट नावाचं दुसरं यंत्र आलं. ते वेगवान होतं, पण त्याला एकेक कपडा हाताने भरवावा लागे, तोही नीट धरून, बटणं वगैरे पाहून. चादरी, मोजे आणि लहान मुलांचे कपडे त्याला झेपत नसत. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरातल्या घड्यांच्या ढिगातून चादरी, मोजे आणि बाळाचे कपडे वजा केले तर उरतं काय? वडिलांचे दोन शर्ट, आणि ते खुर्चीच्या पाठीवर असतात. फोल्डीमेटही पुढे बंद पडलं. तरी मांडवात या दोन्ही यंत्रांपुढे गर्दी उसळत असे, कारण घडी पडताना बघणं खरोखरच छान वाटतं. घडी घालणं आणि घडी पडताना बघणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढंच घर आणि प्रदर्शन यांत आहे.

एवढ्याने हा विषय मिटला असता, पण देखाव्याचं विसर्जन झालं तरी मंडळ विसर्जित होत नसतं. 2018 मध्ये एलजी कंपनीने क्लॉइ नावाचा छोटा घरगडी रोबो व्यासपीठावर आणला. पहिल्या प्रश्नाला तो बोलला. मग धुण्याचं काय झालं, रात्री जेवायला काय करायचं, चिकनचं काय करता येईल, असे प्रश्न एकामागून एक आले आणि क्लॉइ गप्प बसला. कंपनीची नाचक्की झाली म्हणतात. माझं मत उलटं आहे. ‘रात्री जेवायला काय करायचं’ या प्रश्नाला घरातले सगळे जे करतात तेच त्याने केलं. मानवी बुद्धिमत्तेच्या इतक्या जवळ त्या वर्षी दुसरं कुठलं यंत्र गेलं नसेल. 2026 मध्ये त्याच कंपनीने नावाच्या शेवटी एक ‘ड’ जोडून दोन हातांचा क्लॉइड आणला, आणि त्या हातांनी काय केलं असेल? टॉवेलची घडी. सावकाश. सॅमसंगचा बॅली नावाचा घरंगळणारा पिवळा चेंडू 2020 मध्ये दिसला, 2024 मध्ये अंगाने थोडा वाढून पुन्हा दिसला, 2025 मध्ये ‘यंदा नक्की’ या आश्वासनासह परत दिसला. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ही आपली आरोळी सातासमुद्रापार इतक्या मनोभावे कुणी ऐकली असेल असं वाटलं नव्हतं. आणि 2013 मधला तो काटा! दोन घासांत दहा सेकंदांपेक्षा कमी अंतर पडलं की हॅपीफोर्क हातात थरथरून इशारा देई. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घेऊन पाठीशी उभा असताना या काट्याला थेट फेफरंच आलं असतं.

यावर पहिला आक्षेप जाणकार हौशी घेईल, आणि तो वजनदार आहे. व्हीसीआर 1970 मध्ये इथेच दिसला, सीडी प्लेयर आणि कॅमकॉर्डर 1981 मध्ये, डीव्हीडी 1996 मध्ये, एचडी टीव्ही 1998 मध्ये. आयोजक ही यादी अभिमानाने मिरवतात आणि ती खरी आहे. पण यादीतल्या वस्तू कशा आहेत तेही पाहावं. टीव्हीखाली ठेवायचा खोका, खोक्यात जाणारी तबकडी, जरा स्पष्ट दिसणारा पडदा. एकीलाही हात नाहीत, डोळे नाहीत, गोड आवाज नाही. गणपतीत असला देखावा लावला तर वर्गणी परत मागतील लोक. माझा दावा या यादीने मोडत नाही, उलट पक्का होतो: घरात आलं ते मांडवात कंटाळवाणंच होतं. आणि ज्या वस्तूने कॅमकॉर्डर, सीडी, नकाशा, घड्याळ, टॉर्च सगळं खिशात कोंबलं तो आयफोन 9 जानेवारी 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवला गेला. त्या दिवशी साडेसहाशे किलोमीटरवर लास वेगासमध्ये हे प्रदर्शन ऐन भरात होतं. भविष्याची जत्रा भरलेली असताना भविष्य शेजारच्या गावी उतरलं, यात जत्रेचा दोष नाही. पण हजेरीपटावर खूण तर होणारच.

दुसरा आक्षेप उदार मनाचा असतो. चुकतमाकतच शिकायचं असतं, आजचा फसलेला नमुना उद्याची सोय होईल, टवाळी करणाऱ्यांनी विमानाचीही टवाळी केली होती, वगैरे. मान्य. फक्त शिकण्याची फी कोण भरतंय ते बघावं. 2010 च्या आसपास या प्रदर्शनात थ्रीडी टीव्हीचा असा जयघोष झाला की घरोघरी लोक चष्मे लावून बातम्या बघणार असं वाटावं. ज्याला आधीच चष्मा आहे त्याने चष्म्यावर चष्मा लावायचा, आणि पाहुणे आले तर चहाबरोबर चष्मे फिरवायचे. 2017 मध्ये उरल्यासुरल्या एलजी आणि सोनी या बड्या कंपन्यांनीही तो बनवणं थांबवलं. शिकल्या कंपन्या, फी भरली ती सोफ्यावर बसलेल्यांनी. त्या मानाने एलजीचा गुंडाळी होणारा टीव्ही सज्जन म्हणायचा. 2019 मध्ये दाखवला, पुढे खरोखर विकायलाही काढला, अमेरिकेत किंमत एक लाख डॉलर. त्याचं वैशिष्ट्य काय, तर बटण दाबलं की तो खोक्यात शिरून दिसेनासा होई. टीव्ही न दिसण्यासाठी एक लाख डॉलर मोजणारे फारसे कुणी निघाले नाहीत, आणि 2024 मध्ये तो बाजारातूनही दिसेनासा झाला.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्याचा, आणि त्याच्याशी माझं भांडणच नाही. तो म्हणेल, साहेब, रोबो वगैरे दर्शनी भागात. खरा धंदा मागे, कोपऱ्यातल्या अरुंद स्टॉलवर आणि हॉटेलच्या खोल्यांत होतो. केबल, चार्जर, बॅटरी, बिजागरी, सेन्सर. साडेचार हजार प्रदर्शकांपैकी बहुतेकांपुढे कुणी कॅमेरा घेऊन जात नाही. अगदी बरोबर, आणि माझंही हेच म्हणणं आहे. ज्या स्टॉलपुढे गर्दी नाही तिथला माल पुढच्या दिवाळीत आपल्या घरात असतो. हौशी माणूस मात्र केबलपुढे थांबत नाही, आणि त्याने का थांबावं? देखावे बघायला आलेल्या माणसाला मांडवाचे बांबू कुठून आणले हे सांगू नये.

तेव्हा हौशी माणसाने जाऊच नये का? जरूर जावं, पण भाविकासारखं जावं आणि जे पदरात पडेल ते पाहावं. सर्वांत रंगतदार देखावे कार्यक्रमपत्रिकेत छापलेले नसतात. दालनं इतकी लांब की एका टोकाहून दुसरीकडे चालत जायला पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून तिथे जमिनीखाली बोगदा खणून त्यातून मोटारी सोडल्या आहेत. वर स्वयंचलित वाहनांचे स्टॉल, खाली बोगद्यात प्रत्येक विजेच्या गाडीला हाडामांसाचा ड्रायव्हर. 2022 च्या जानेवारीत त्या बोगद्यात गाड्यांची रांगही लागली. पण माझ्या मते या प्रदर्शनाच्या इतिहासातला अव्वल देखावा 10 जानेवारी 2018 चा. आदल्या दिवशी वाळवंटात पाऊस पडला. गूगलला आपला उघड्यावरचा स्टॉल पहिल्याच दिवशी बंद ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी त्याच पावसाच्या ओलीने ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड झाला आणि जगातले सर्वांत झगमगते टीव्ही मांडलेलं मधलं दालन जवळजवळ दोन तास अंधारात बुडालं. पाऊस आला की लाईट जाणार, हे ज्यांना मुंजीच्या वयापासून ठाऊक आहे अशा आपल्या लोकांना तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं असणार. सर्वज्ञ फ्रीज, बोलके आरसे, समजूतदार वॉशिंग मशीन, सगळे एका रांगेत मुके उभे, आणि माणसं खिशातल्या फोनचा टॉर्च लावून वाट शोधताहेत.

यंदा कुणी निघालाच असाल, तर चालायचे बूट घाला, रात्रीच्या थंडीसाठी स्वेटर घ्या आणि फोनचा चार्जर घरूनच न्या. साडेचार हजार स्टॉल आहेत, पण जागेवर माल विकायला तिथे बंदी आहे.