सहज म्हणून एडिंबरा

मराठी माणसाच्या येण्याजाण्याचं बरंचसं काम ‘सहज’ या एका शब्दावर भागतं. ‘सहज चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं’ एवढं म्हटलं की पुढचा चहा ठरलेला. ब्रिटनला शिकायला निघालेल्या पोरांना घरचे थंडीचं सांगतात, बॅगेत कुकर आणि गोडा मसाला भरून देतात. पण खरा घोळ जिथं होतो त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. थंडीवर तिथं हीटर आहे, आणि लेस्टरला किंवा वेम्ब्लीला भाकरीचं पीठसुद्धा मिळतं. परवडत नाही तो सहजपणा. माझं म्हणणं असं की तिथं प्रवासाचे पैसे अंतराला पडत नाहीत, सहजपणाला पडतात. आणि त्या देशात रुळायचं तर आधी तिथले रूळ समजून घ्यावे लागतात.

आपल्या एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. तुम्ही बेत महिन्यापूर्वी केला की बस सुटताना, कंडक्टरला सोयरसुतक नसतं. ब्रिटिश रेल्वे मात्र आधी तुमचं चारित्र्य तपासते. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिंबरा साडेचार तासांवर. आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी विक्रीला येतात. तेव्हा जो जागा असेल त्याला स्वस्तात मिळतं, आणि आयत्या वेळी उगवणाऱ्याला त्याच गाडीचे सहज तीन-चार पट पडू शकतात. खिडकीबाहेरची मेंढरं दोघांना तीच. मग पोरं तुकडे पाडायला शिकतात. लंडन ते यॉर्क एक तिकीट, यॉर्क ते न्यूकॅसल दुसरं, तिथून पुढं तिसरं. माणूस जागचा हलत नाही, पण तिन्हींची बेरीज अनेकदा अखंड तिकिटापेक्षा कमी भरते. हे पूर्ण कायदेशीर आहे. गाडी त्या स्टेशनांवर थांबली पाहिजे, एवढीच अट. पोतंभर कांद्यापेक्षा पावशेर-पावशेर घेतलेला कांदा स्वस्त पडावा, तसा हा व्यापार. उलट एडिंबराचं आगाऊ तिकीट असताना यॉर्क आवडलं म्हणून मधेच उतरलात, तर वर जादा भाडं मागू शकतात. कमी प्रवास केल्याबद्दल! आणि पुष्कळ ठिकाणी त्याच दिवशीचं जाऊन-येऊन तिकीट नुसत्या जाण्यापेक्षा फक्त दहा पेन्सांनी महाग असतं. जाणं महाग, परतणं जवळजवळ फुकट: व्हिसा देणाऱ्या खात्याचंही साधारण हेच धोरण असावं. कडेला नारिंगी पट्टा असलेल्या तिकिटावर कधी ‘एनी परमिटेड’ असे दोन शब्द असतात, म्हणजे परवानगी असलेल्या कोणत्याही मार्गानं. परवानगी कोणत्या मार्गाला, हे सांगायला राउटिंग गाइड नावाचं वेगळं प्रकरण आहे. त्यापुढं निर्णयसिंधू बालभारतीचा वाटावा.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे तत्काळ नाही का? आहे. पण आपल्याकडे जनरलचा डबाही आहे, आणि तिथं उभं राहण्याची किंमत उभं राहण्याइतकीच असते. ब्रिटनमध्ये बारा आठवड्यांपूर्वी शहाणपण सुचलेला बसलेला असतो, आणि त्याच्या कितीतरी पट पैसे मोजलेला पुष्कळदा संडासाच्या दाराशी उभा असतो. दुसरा आक्षेप सवलतीचा. विद्यार्थ्यांना रेलकार्ड मिळतं, एक तृतीयांश भाडं कमी होतं. हे खरंच मोठं उपकारक आहे. फक्त सोमवार ते शुक्रवार, जुलै-ऑगस्ट सोडून, सकाळी दहाच्या आत त्यावर किमान 12 पौंडांची अट असते. विद्यार्थ्यानं पहाटे उठू नये, अशी काळजी जगात दुसरं कुठलं खातं घेत असेल? तिसरा आक्षेप जाणकारांचा: हा सगळा खासगीकरणाचा प्रताप. अर्धंच खरं. तरुणांचं रेलकार्ड 1974 चं, म्हणजे गाड्या सरकारी असतानाचं. खासगीकरण नव्वदच्या दशकातलं. त्याच्याही मागं, 1844 मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदाच केला होता की दिवसातून निदान एक गाडी मैलाला एक पेनी दरानं सोडा, आणि गरिबांच्या डोक्यावर छप्पर द्या. मैलाचा हिशेब त्यांचाच. नऊ वर्षांनी त्यांच्याच कंपनीनं बोरीबंदर ते ठाणे गाडी सोडली. पुढं त्यांनी तो हिशेब घरी मोडीत काढला. आपण मात्र वाडवडिलांच्या घड्याळासारखा सांभाळून ठेवला.

गंमत अशी की हीच पोरं संध्याकाळी सुपरमार्केटात गेली की नियम उलटा होतो. तिथं जो उशिरा येतो त्याचं भलं. दुकान बंद व्हायच्या सुमारास पावावर, सँडविचवर पिवळी चिठ्ठी चिकटते आणि किंमत कोसळते. खरं तर गाडीतली रिकामी सीट पावापेक्षा नाशवंत. गाडी सुटली की संपलीच. पण उशिरा आलेलं पावाचं गिऱ्हाईक नुसता वरण-भात खाऊन झोपू शकतं, उशिरा आलेला प्रवासी कुठं जाणार? अडलेल्याला ओळखण्याची ही विद्या आपल्या सावकारांनाही होती, ॲप तेवढं नव्हतं. घराचंही गाडीसारखंच: डरहॅमसारख्या विद्यापीठाच्या गावात पुढच्या सप्टेंबरची खोली आदल्या नोव्हेंबरातच धरावी लागते, म्हणजे कोणाशी आपलं पटतं हे कळायच्या आत वर्षभराचे सोबती ठरतात. (आपल्याकडे लग्नं अशीच जमतात, म्हणून मराठी पोरं इथं फारशी बिचकत नसावीत.) सहा महिन्यांत त्यांच्या फोनात मार्चचा बेत डिसेंबरात असतो, फ्रीझरमध्ये पिवळ्या चिठ्ठीचे चार पाव असतात, आणि मित्राकडे जायचं तरी आधी तारीख विचारली जाते.

आणि अशा वेळी आई-वडील भेटीला येतात. तिसऱ्या दिवशी न्याहारीला विषय निघतोच: एवढं आलोच आहोत, तर उद्या सहज एडिंबरा करून येऊ. पोरगी फोनवर आयत्या वेळची भाडी बघते, तीन जणांची बेरीज करते, मग व्हिक्टोरियाहून सुटणाऱ्या रात्रीच्या बसकडे वळते. वडील चहात बिस्किट बुडवत विचारतात, ‘‘किती किलोमीटर आहे गं?’’