वार्को आत्तिवो

मागच्या सोमवारी पोस्टमन दारात आला आणि म्हणाला, "सर, इटलीहून रजिस्टर आलंय ओ. सही करा की." बेळगावजवळच्या आमच्या काकतीत अशी गोष्ट दुपारी घडली, की दिवेलागणीपर्यंत गल्लीला आमच्याहून जास्त माहिती असते. समोरच्या काकूंनी आमच्या मुलीला तिकडचं नागरिकत्व मिळाल्याचं जाहीर केलं. मुलगी जर्मनीत आहे, पण वंटमुरी घाटापलीकडे काकू देशादेशांत भेद करत नाहीत.

पाकिटात दंडाची नोटीस होती.

दहा महिन्यांपूर्वी इटलीतल्या एका जुन्या गावात (नाव सांगत नाही, चूक गावाची नव्हती) मी भाड्याची गाडी जिथं नेऊ नये तिथं नेली होती. कॅमेऱ्याने नंबराची पाटी टिपली. पाटीवरून गाडीवाल्या कंपनीला विचारणा झाली. कंपनीने माझं नाव-पत्ता देऊन टाकला आणि तो दिल्याची फी माझ्याच कार्डावरून कापून घेतली. ज्याची चुगली करायची त्याच्याकडूनच चुगलीचे पैसे घ्यायचे, ही सुधारणा आमच्या गल्लीत अजून पोचलेली नाही. परदेशी राहणाऱ्याला नोटीस धाडायला तिथला कायदा 360 दिवस देतो. घाई नाही. आंब्याचं लोणचं मुरावं तसा दंड मुरवून पाठवतात.

जावईबापूंनी आधीच सांगितलं होतं, "बाबा, इटलीत रेल्वे चांगली आहे." मी ऐकलं नाही. तीस वर्षं काकती-निपाणी-कोल्हापूर रस्त्यावर स्वतः गाडी हाकलेल्या माणसाने परदेशाला काय भ्यायचं? आम्ही रोज परदेशातच गाडी चालवतो. तवंदी घाट उतरून कोगनोळीला राज्याची हद्द ओलांडली, की पाट्यांची लिपी बदलते, शिव्यांची भाषा बदलते, चहाचा कप लहान होतो. 2021 मध्ये तर कोगनोळी नाक्यावर करोना नसल्याचा दाखला मागत होते. व्हिसा म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आणि नंबराची पाटी! इकडे केए 22, पलीकडे एमएच 09. एरवी ती आरटीओची बाब. सीमाप्रश्न तापला की तीच जातीचा दाखला होते. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. त्या आठवड्यात मराठी घरात जन्मलेली माझी केए 22 मी शेडमध्येच ठेवली. इकडे ती माझ्यामुळे संशयित, तिकडे मी तिच्यामुळे.

राहता राहिला गोवा. तो तर 1961 पर्यंत सरकारी कागदावरही परदेश होता. आगगाडीने निघालात तर कॅसल रॉकला हिंदुस्थान संपायचा आणि कुळ्याला पोर्तुगालचे कस्टमवाले पेटी उघडायला लावायचे. त्या पोर्तुगालने 1928 साली आपल्या देशातली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, गोव्यातली मात्र डावीकडेच राहू दिली, कारण शेजारी आम्ही डावीकडून चालत होतो. मकाव आणि मोझांबिकातही शेजारी बघूनच डावी बाजू राखली. म्हणजे चारशे वर्षं लिस्बनने गोव्यात कुणाचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते बेळगावच्या बैलगाडीवाल्याचं. पुढे डिसेंबर 1961 मध्ये बेळगावकडून अनमोडमार्गे लष्कराच्या गाड्यांचा भलामोठा ताफा त्या परदेशात उतरला. त्यांना आंतरराष्ट्रीय परवाना कुणी मागितला नसावा.

भाड्याची गाडी चालवायचा माझा श्रीगणेशाही गोव्यातलाच. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली, की ती स्वतः चालवायची भाड्याची गाडी, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं आणि नारळपाण्याचा भाव त्याप्रमाणे ठरतो. या धंद्यासाठी केंद्राने 1989 मध्ये योजना आखली, तेव्हा परवान्याला निदान 50 गाड्यांची अट घातली होती. मला ज्याने गाडी दिली त्याच्याकडे दीड होती. अर्धीचं इंजिन अंगणात उतरवलेलं होतं. कागद विचारले तर म्हणाला, "पात्रांव, तुमी भिऊं नाकात." भ्यालो नाही. सगळं सुखरूप झालं, आणि नेमका तोच अनुभव इटलीत नडला.

इटलीसाठी आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओत हजार रुपये भरले, की वर्षभराच्या मुदतीचा मिळतो. मला वाटलं, तिकडे आपली काहीतरी परीक्षा वगैरे घेतील. छे. 1949 च्या जिनिव्हा करारातली ही पुस्तिका म्हणजे तुमच्याच परवान्याचं भाषांतर, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी अशा भाषांतलं. बेळगाव जिल्ह्यात एखादं सरकारी परिपत्रक मराठीत मिळावं म्हणून लोकांनी मोर्चे काढून लाठ्या खाल्ल्या. आणि इथं न मागता चिनीत! खुद्द चीन हा परवाना मानत नाही, ते सोडा.

भाषांतर सगळ्याचं झालं, एका शब्दाचं राहिलं. गाडीच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट आणि परवाना शेजारी-शेजारी ठेवले. पासपोर्टात जन्मगाव इंग्रजी अक्षरांत बेलगाम, परवान्यात पत्ता बेलगावी. तिने विचारलं, ही दोन गावं का? मी म्हटलं, एकच. मग नावं दोन कशी? आता एवढं विचारल्यावर सीमाभागातला माणूस थोडक्यात आटोपतो का? मी 1956 पासून सुरुवात केली. मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात कसे गेलो, 1973 मध्ये म्हैसूरचं कर्नाटक कसं झालं, 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं बेळगावी कसं झालं. 2004 मध्ये महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात घातलेल्या दाव्यापर्यंत आलो तेव्हा मागे सात माणसांची रांग होती आणि बायको माझी बाही ओढत होती. मुलगी म्हणाली, "गाडी परत कुठं करणार, एवढंच सांगा." जन्मगाव बेलगाम असलेल्या माणसाच्या हातात तिने किल्ली दिली, हा तिचा मोठेपणा.

त्याआधी क्रेडिट कार्डावर अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवली. कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं, डेबिट कार्ड नको. मग विम्याचं पुराण. साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ धरत नाहीत म्हणे. आमच्या सर्व्हिस रोडवर गाडीला याखेरीज चौथा अवयव असतो हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जास्तीचे पैसे भरले, की तेही धरतात. मी भरले. शिवाय चहूबाजूंनी गाडीचे फोटो काढले, मुलीच्या लग्नात काढले नव्हते एवढे. हा एकच शहाणपणा माझ्या खाती नोंदवावा.

गाडी चालवणं हा त्यातला सोपा भाग. चाक डावीकडे, रस्ता उजवीकडे, गियर उजव्या हाताला. अर्ध्या तासात अंग सरावतं. एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत सरावली नाही. आपल्या गाड्यांत दिशादर्शकाची दांडी उजव्या हाताशी, तिकडे डाव्या. त्यामुळे दर वळणावर मी वायपर चालू करत होतो. लख्ख उन्हात काच पुसत वळणारी ती गाडी बघून मागचे इटालियन सुरुवातीला भोंगे वाजवत. नंतर त्यांनी ओळखलं असावं, की याचा वायपर हलला म्हणजे हा वळणार.

पण खरं सुख वेगळंच होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी अशी गाडी चालवत होतो, जिच्या पाटीवरून मी कुणाचा हे कुणाला कळत नव्हतं. त्या आनंदात गाणं म्हणत गावात शिरलो.

वेशीपाशी कमान, कमानीशेजारी लाल गोलाची पाटी, खाली बारीक अक्षरांत इटालियन मजकूर, आणि वर दिव्यांची अक्षरं: वार्को आत्तिवो. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी लिहिलंय." मी म्हटलं, "आत्तिवो म्हणजे अॅक्टिव्ह. सुरू आहे म्हणतायत." आपल्याकडे 'सुरू आहे' अशी पाटी असली, की माणूस आत जातो. खानावळ सुरू आहे, दवाखाना सुरू आहे, उसाचा रस सुरू आहे. आम्ही गेलो. हॉटेल सापडेना, म्हणून बाहेर पडून पुन्हा गेलो. मग पार्किंग सापडेना.

वार्को म्हणजे नाका. तो सुरू आहे, याचा अर्थ त्याच्यावरचा पहारा सुरू आहे, तुम्ही आत येऊ नका. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, सगळीकडे जुन्या पेठा अशा राखल्या आहेत. आत फक्त रहिवासी आणि परवानगीवाले. हॉटेलला आदल्या दिवशी गाडीचा नंबर कळवला, तर त्यांना नोंद करून घेता येते. हे सगळं मला नोटीस आल्यावर कळलं. कॅमेऱ्याला वायपरचं, बेलगामचं, कशाचंच कौतुक नव्हतं.

त्या पाटीपुढे मी का थांबलो नाही, याचा मी रात्री बराच विचार केला. आमची उभी हयात पाट्यांत गेली. कर्नाटकात 2024 पासून पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी आणि अक्षर दुसऱ्या कुठल्या लिपीहून लहान नको. पाटी दिसली की आमचा डोळा आधी लिपी बघतो, मग अक्षरांची उंची मोजतो, आणि पाटी आपली की त्यांची हे ठरलं की पुढे सरकतो. ती काय सांगतेय हे वाचायची वेळच येत नाही. हायवेवर काकतीच्या वळणाला 'सावकाश जा' लिहिलेलं आहे, ते कुठल्या भाषेत आहे हे मी झोपेतही सांगेन. सावकाश गेल्याचं मला आठवत नाही.

नोटीस मेहुण्याला दाखवली. तो अशा बाबतीत जाणकार. त्याच्या बुलेटवर इतके दंड थकलेत, की पोलिसांनी गाडी न्यायची ठरवली तर दंडच जड व्हावा. त्याने कागद उलटसुलट केला आणि म्हणाला, "दाजी, भरू नका की. सूट येत्या बघा. थांबायचं."

त्याचं खोटं नाही. 2023 च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने तुंबलेल्या वाहतूक दंडावर 50 टक्के माफी दिली, नंतरही दिली. बेंगळुरात रांगा लागल्या. जो वेळेवर भरतो तो अख्खा भरतो, जो वर्षानुवर्षं तंगवतो तो अर्धा. इटलीत सूट आहे, पण उलटी. नोटीस हाती पडल्यापासून पाच दिवसांत भरलं तर 30 टक्के कमी. मेहुण्याला हे पटेना. "पाच दिवसांत भरायचं आणि सूट फक्त तीस? लुटूलेत की ओ तुम्हाला."

मी चौथ्या दिवशी ऑनलाइन भरले. कधी नव्हे तो दंड वेळेवर भरला म्हणून बायकोने शिरा केला. शिरा ताटात पडतोय तोवर फाटक वाजलं. पोस्टमन होता. आता त्याला सवय झाली आहे, पेन स्वतःच पुढे करतो.

"सर, आज दोन आहेत ओ."

मी तीनदा आत गेलो होतो.